नऊ प्रश्न

गेल्या वर्षी वार्षिक तपासणीसाठी मी आमच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. नर्सने हातात एक कागद दिला. पीएचक्यू-९ असे त्याचे नाव. गेल्या दोन आठवड्यांत कामातला रस गेला आहे का, मन उदास असते का, झोप, भूक, थकवा, एकाग्रता कशी आहे, असे नऊ प्रश्न आणि प्रत्येकापुढे शून्य ते तीन असे आकडे. मी उभ्या उभ्या नऊ वेळा शून्याभोवती गोल काढला आणि कागद परत दिला.

त्या दिवशी मी पहाटे तीनपासून जागा होतो. त्याच्या आदल्या दिवशीही, आणि त्याच्याही आदल्या. आठवड्याभरात मुलावर दोनदा विनाकारण ओरडलो होतो. एक शोधनिबंध महिनाभर टेबलावर पडून होता आणि त्याचे पहिले पान पुढे सरकत नव्हते. हे सगळे मला माहीत होते, तरीही मी शून्य लिहिले.

माझा व्यवसाय मोजमापाचा आहे. माझ्या प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोग न करता नऊ आकडे लिहून दिले असते, तर मी त्याला घरी पाठवले असते. स्वतःच्या बाबतीत मात्र मी तेच केले, आणि त्यात काही गैर आहे असे त्या क्षणी मनातही आले नाही. पुरुषमाणसाने असल्या प्रश्नांना द्यायचे उत्तर ठरलेले असते, "मी ठीक आहे."

मी ठीक नव्हतो त्याला कारणे होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला साताऱ्याला वडील गेले. आपल्यामागे कोणतेही विधी करू नयेत, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही नेत्रदान केले, गावच्या शाळेला देणगी दिली, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. आठव्या दिवशी मी विमानात बसलो आणि दहाव्या दिवशी न्यू जर्सीत प्रयोगशाळेत होतो. पुढे दोन महिन्यांनी संशोधनाचे अनुदान नाकारले गेले. माझ्या हाताखालच्या दोघांच्या नोकऱ्या त्यावर अवलंबून होत्या, आणि त्यांतला एक एच-१बी व्हिसावर होता. नोकरी गेली की या देशात राहायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ आहे.

आपण पुरोगामी मंडळींनी तेराव्याचे कर्मकांड टाकले ते योग्यच केले. पण त्या तेरा दिवसांत घरातल्या पुरुषालाही जमिनीवर बसून, येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिकत पुन्हा पुन्हा सांगावी लागे. कर्मकांडाबरोबर दुःख बोलून दाखवायची ती जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात आपण दुसरे काही उभे केले नाही. माझ्यापुरते तरी हे खरे आहे.

तपासणीनंतर तीन आठवड्यांनी एका रात्री छातीत दुखू लागले. बायकोने गाडी काढली आणि इमर्जन्सीत नेले. ईसीजी, रक्ततपासणी, सगळे नॉर्मल. चार दिवसांनी पुन्हा डॉक्टरांकडे गेलो, या वेळी ती बरोबर होती. पुन्हा तोच कागद आला. मी पहिल्या शून्यावर पेन टेकवले तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "खरं लिही ना रे, निदान आता तरी." खरे लिहिले. बेरीज सोळा आली. सत्तावीसपैकी दहाच्या पुढे डॉक्टर लक्ष घालतात. पंधराच्या पुढची पायरी बऱ्यापैकी तीव्र नैराश्याची असते. अर्थात ही चाळणी आहे, निदान नव्हे. निदान डॉक्टर बोलून करतात. पण चाळणीत खडे दिसायला हवे असतील तर धान्य तरी खरे टाकावे लागते.

हे माझ्या एकट्याचे रडगाणे असते तर संपादकीयाची जागा अडवली नसती. अमेरिकेत २०२२ साली सुमारे साडेएकोणपन्नास हजार लोकांनी आत्महत्या केली. त्यांत पाचांतले जवळजवळ चार पुरुष होते. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने त्याच वर्षी १,७०,९२४ आत्महत्या नोंदवल्या. त्यांत दर शंभरांमागे सुमारे बहात्तर पुरुष, आणि राज्यांत सर्वाधिक आकडा आपल्या महाराष्ट्राचा. उलट नैराश्याचे निदान मात्र स्त्रियांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट होते. या तफावतीची कारणे एकाहून अधिक आहेत, पण त्यांतले एक आपल्या हातातले आहे. पुरुष मदत मागायला उशिरा जातात किंवा जातच नाहीत. त्यांचे नैराश्य अनेकदा नैराश्यासारखे दिसतही नाही. ते चिडचिड, दारू, छातीतले दुखणे किंवा रात्री बारापर्यंतचे काम अशा वेषात येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २००३ साली खास पुरुषांच्या नैराश्यावर मोहीम काढली होती, ती याचसाठी.

"पोरीसारखा रडतोस काय" हे वाक्य आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकले आहे. त्यात बाईचा अपमान आहे हे आपल्या चळवळीने ओळखले. त्यात मुलाचेही नुकसान आहे, हे आपण कमी बोललो. मुंबईत १९९३ पासून काम करणाऱ्या 'मावा' या पुरुषांच्या संघटनेने स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध काम करता करता पुरुषांना स्वतःविषयी बोलते केले. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. ज्या पुरुषाला आपले दुःख ओळखता येत नाही, त्याचा राग शेवटी घरातल्या बाईवर आणि मुलांवर निघतो. माझ्याच घरात तो निघत होता.

आता आपल्या सबबींकडे वळू. या सगळ्या मी स्वतः वापरलेल्या आहेत.

पहिली सबब, "मी बुद्धिवादी आहे, विचार करून मार्ग काढीन." मग तर थेरपी आपल्यासाठीच आहे. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात आणि फिलाडेल्फियात अॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात ज्या उपचारपद्धती मांडल्या, त्यांचा गाभा आपल्या समजुतींची तर्काने तपासणी हाच आहे. फलज्योतिषाला आपण जे प्रश्न विचारतो, तेच "मी अपयशी होताच कामा नये" या स्वतःच्या श्रद्धेला विचारायचे. हे एकट्याला जमत नाही, कारण जे मन बिघडले आहे तेच तपासनीस म्हणून बसलेले असते. म्हणून तर शोधनिबंधही आपण दुसऱ्याकडून तपासून घेतो.

दुसरी सबब, "ग्रीनकार्डला अडचण येईल, कंपनीला कळेल." नैराश्यासाठी वा चिंतेसाठी समुपदेशन घेतले, एवढ्याच कारणाने ग्रीनकार्ड नाकारले जात नाही. त्या वैद्यकीय तपासणीत मानसिक आजाराबाबत पाहिले जाते ते स्वतःला किंवा इतरांना इजा करणारे वर्तन. थेरपिस्टने घेतलेल्या टिपणांना इथल्या कायद्याचे वेगळे संरक्षण आहे. अनेक कंपन्या कर्मचारी-साहाय्य योजनेतून पहिल्या काही भेटी मोफत देतात, आणि तिथे काय बोललात हे साहेबाला कळवले जात नाही. विम्याचे म्हणाल तर, २००८ च्या कायद्याने मानसिक उपचारांवर शारीरिक उपचारांपेक्षा कडक मर्यादा घालायला विमा कंपन्यांना मनाई आहे.

तिसरी सबब, "इथल्या माणसाला आपले काय कळणार?" यात थोडे तथ्य आहे. माझी पहिली थेरपिस्ट चांगली होती, पण आईचा रोज फोन येतो हाच तिला माझा प्रश्न वाटला. तीन भेटींनंतर मी बदलली. दुसऱ्याने विचारले, "वडील गेल्यावर आठव्या दिवशी तुम्ही कशासाठी परतलात?" या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला पंचेचाळीस मिनिटे लागली, आणि त्यांतली बरीचशी बोलण्यात गेली नाहीत. न्हावी पटला नाही म्हणून आपण केस वाढवत बसत नाही, दुसरा शोधतो. आपल्या भाषेचा हवा असेल तर तसे शोधा, फक्त तुम्ही ज्या राज्यात राहता तिथे काम करण्याचा परवाना त्याच्याकडे आहे ना, ते पाहा.

चौथी सबब, "बायको आहे की बोलायला." आहे, आणि तिच्याशी बोलावेच. पण वीस वर्षे न बोललेले सगळे तिच्यावर टाकणे हा तिच्यावर अन्याय आहे. तिचेही सासरे गेले होते. तिला कोणी विचारले?

एकूण सोळा भेटी झाल्या, आठवड्याला एक. जादू झाली नाही. अजूनही एखाद्या पहाटे जाग येते, पण आता मी बायकोला उठवतो किंवा चहा करून बसतो, छातीत दुखण्याची वाट पाहत नाही. शोधनिबंध पुरा झाला. मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "इट्स ओके, बाबा," आणि पुन्हा फोनमध्ये बघू लागला. मला तेवढे पुरले. काहींना थेरपीबरोबर औषधेही लागतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे जातात, आणि ती घेण्यात मधुमेहाच्या गोळीपेक्षा जास्त लाज नसावी.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. या मराठी चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नैराश्यात बुडालेला तरुण त्यात सावरतो तो कोणाच्या उपदेशाने नव्हे, तर त्याच्याजवळ घाई न करता थांबणाऱ्या माणसांमुळे. आपण मित्रांसाठी एवढे नक्की करू शकतो. गणेशोत्सवात हातात ताट धरून "काय, कसं काय?" विचारले तर "मस्त!" हेच उत्तर येणार. त्याऐवजी एखाद्या शनिवारी त्याला एकट्याला फिरायला न्या आणि विचारा, "झोप लागते का रे?" उत्तर आले की सल्ला देऊ नका, ऐका. काळजी वाटली तर जीव द्यावासा वाटतो का, हेही स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. होय म्हणाला तर त्याला एकटे सोडू नका. अमेरिकेत जुलै २०२२ पासून ९८८ हा क्रमांक चोवीस तास चालू आहे, त्यावर फोन करता येतो, संदेशही पाठवता येतो. भारतातल्या भावाला, मित्राला सरकारच्या 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक सांगून ठेवा. आणि गावी पैसे पाठवताना ठाण्याच्या आय. पी. एच.सारख्या संस्थाही आठवणीत असू द्या. १९९० पासून त्या संस्थेने मराठीतून मनाच्या आरोग्याची भाषा घडवली आहे.

पुढच्या वार्षिक तपासणीला तुमच्याही हातात तो कागद येईल. बसून, चष्मा लावून, खरे आकडे लिहा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
संपादक