दगडावर तिचंही नाव हवं

मा. वरिष्ठ पोलीस अधिकारी महोदय,

चार अर्ज झाले. चारही कन्नडमध्ये लिहिले, स्वतः नेऊन दिले, प्रत्येकाची पोच घेतली. पहिल्या पोचेवर शिक्का आहे, चौथ्यावर नुसती सही. उत्तर एकाचंही नाही. म्हणून हे पाचवं पत्र माझ्या घरच्या भाषेत लिहितो आहे, आणि उघड लिहितो आहे. आपल्या कार्यालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. विषय आपल्याला ठाऊक आहे.

मागणी साधी होती. 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनी हुतात्म्यांची नावं वाचली जातात. ती वाचून झाल्यावर सेवेत असताना गेलेल्या श्वानांची आणि घोड्यांचीही नावं वाचावीत आणि संचलन मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी एक दगड असावा. जागा तीन फूट बाय दोन फूट. दगड आणि कोरणावळ यांचा खर्च आम्ही बीदरमधल्या मैलूरची काही घरं मिळून करू, असं तिसऱ्या अर्जात लिहूनही दिलं होतं.

तोंडी उत्तर मात्र एकदा मिळालं. दुसऱ्या अर्जाच्या वेळी टेबलापलीकडून सांगण्यात आलं, की हुतात्म्यांच्या नावांबरोबर जनावराचं नाव घेतलं तर त्यांचा अपमान होईल. त्या दिवशी मी काही न बोलता परत आलो. आज बोलतो.

आमच्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात, कागिणा नदीकाठी मळखेड आहे. हे राष्ट्रकूटांचं मान्यखेट. तिथला सम्राट तिसरा कृष्ण. तक्कोलमच्या लढाईत त्याच्या बाजूने लढताना गंग राजा बूतुग याने चोळ राजपुत्र राजादित्याला मारलं. त्या लढाईत बूतुगाचा मणलेर नावाचा योद्धा शौर्याने लढला. राजा म्हणाला, हवं ते माग. मणलेराने गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. राजाची काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी त्याला मारून स्वतःही मेली. मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर गावी, देवळासमोर तिच्यासाठी दगड उभा राहिला. त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. जो गोरव, म्हणजे शिवाचा पुजारी, त्या दगडाची पूजा न करता जेवेल, त्याला त्या कुत्रीचं पाप लागेल, असंही त्यावर कोरलं. सन 949-50 ची ही गोष्ट. तो दगड आज बेंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे.

महोदय, एकाच दगडावर सम्राटाचं नाव आहे, तक्कोलमची लढाई आहे, मणलेराचं शौर्य आहे आणि काळीही आहे. कोणाचा अपमान झाला? राष्ट्रकूटांना जे खुपलं नाही, ते आपल्याला का खुपावं?

गोरव हा शब्द आमच्या भागात परका नाही. मैलाराचे भक्त आजही स्वतःला गोरव म्हणवतात. भालकी तालुक्यात खानापूरला मैलार मल्लण्णाचं देऊळ आहे. आम्ही मराठी घरं त्यालाच खंडोबा म्हणतो. त्याची स्वारी घोड्यावर असते आणि सोबत कुत्रा असतो. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य कुत्र्यालाही घालतो. ज्या मुलखात देवाबरोबर या दोघांचीही पूजा होते, तिथे मला तीन फूट जमिनीसाठी अर्जावर अर्ज करावे लागतात.

कामगिरी मोजूनच हवी असेल तर मोजा. मुंबईत 12 मार्च 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली. त्यानंतर बॉम्बशोधक पथकातल्या जंजीर या लॅब्रेडॉरने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 जिवंत काडतुसं शोधून दिली. एका कुत्र्याने! नोव्हेंबर 2000 मध्ये तो हाडांच्या कर्करोगाने गेला, तेव्हा मुंबई पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. 26/11 च्या हल्ल्यावेळी राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघे श्वानही 2016 मध्ये गेले. त्याच वर्षी डेहराडूनला मोर्चाच्या गर्दीत पोलिसांच्या शक्तिमान घोड्याचा पाय मोडला. पाय कापावा लागला, महिनाभराने तो मेला. एप्रिल 2025 मध्ये कर्रेगुट्टाच्या डोंगरात केंद्रीय राखीव पोलीस दलाची कुत्री रोलो मधमाश्यांच्या हल्ल्यात गेली. ती बेंगळुरूजवळ तरळूच्या केंद्रात तयार झाली होती. आणि आपल्याच राज्यातली दावणगेरेची पोलीस कुत्री तुंगा 2020 मध्ये सुमारे 11 किलोमीटर धावत खुन्यापर्यंत पोचली होती. केरळ पोलिसांनी थ्रिसूरला निवृत्त श्वानांसाठी ‘विश्रांती’ नावाचं घर बांधलं, गेलेल्यांसाठी दफनभूमी केली. आपल्याकडे काय अडलं?

आता घरचं सांगतो. माझा धाकटा भाऊ श्वानपथकात हँडलर होता. त्याची लॅब्रेडॉर कुत्री मे महिन्याच्या एका दुपारी सभेच्या मैदानाची तपासणी करत होती. सकाळी एकदा तपासणी झाली होती. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून भर उन्हात ती दुसऱ्यांदा करायला लावली. मैदानावर सावली नव्हती. शेवटच्या रांगेपाशी ती बसली. हे बसणं वास लागल्याचं नव्हतं, हे भावाला लगेच कळलं. त्याने आपल्या बाटलीतलं पाणी तिच्या पोटावर, पंजांवर ओतलं. तिची जीभ जांभळी पडली होती. दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत, त्याच्या मांडीवर ती गेली. दुसऱ्या दिवशी पट्टा आणि साखळी जमा करून घेतली. नोंदवहीत ‘मृत्यू’ हा शब्दसुद्धा आला नाही. संख्येतून एक कमी केलं. तिला त्या उन्हात दुसऱ्यांदा कोणी पाठवलं, हे कोणी विचारलं नाही, आणि मी विचारलं तर त्याचंही उत्तर नाही.

भाऊ आता निवृत्त आहे. संध्याकाळी मैलूरच्या रस्त्याने चालताना त्याचा डावा हात अजून थोडा बाहेर असतो, साखळी धरल्यासारखा.

21 ऑक्टोबरच्या संचलनाला तो दरवर्षी इस्त्रीचा शर्ट घालून जातो, मागे उभा राहतो. नावं वाचून संपतात, बिगूल वाजतो, तो घरी येतो आणि त्या दिवशी जेवत नाही.

तिचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. पाथरवटाला द्यायच्या कागदावर ते भावाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं आहे. जागा कुठली, एवढं कळवा.

आपला,
मैलूर, बीदर येथील एक रहिवासी