असांज यांना कोणी हरवले?

सत्य सांगणारा माणूस निवडणुकीला उभा राहिला आणि पडला, की आपल्या साहित्यिक वर्तुळात एक ठरावीक शोकसूर उमटतो. लोक कृतघ्न असतात, सत्य त्यांना सोसत नाही, द्रष्ट्याला जमाव कधीच ओळखत नाही, वगैरे. ज्युलियन असांज यांच्या 2013 सालच्या ऑस्ट्रेलियन सिनेटच्या उमेदवारीविषयी बोलताना हाच सूर लावला जातो, आणि जून 2024 मध्ये ते तुरुंगातून सुटून मायदेशी परतल्यापासून तर त्याला अधिकच धार आली आहे. आम्हांला हे कथन मान्य नाही. ते मतदारांवर अन्याय करणारे आहे. आणि त्याहून गंभीर गोष्ट अशी, की ते लेखन व राजकारण यांच्यातील मूलभूत फरकावर पडदा टाकते.

असांज यांच्या कार्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. 2007 साली बगदादमध्ये अमेरिकी हेलिकॉप्टरमधून झालेल्या गोळीबाराची चित्रफीत विकिलीक्सने एप्रिल 2010 मध्ये प्रसिद्ध केली. त्या गोळीबारात मारल्या गेलेल्यांमध्ये रॉयटर्स वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारीही होते. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाख तारांचे प्रकाशन सुरू झाले. त्यांतील भारतविषयक तारा मार्च 2011 मध्ये 'द हिंदू'ने छापल्या, तेव्हा 2008 च्या विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी खासदारांना पैसे दिल्याच्या आरोपावरून आपली संसदही ढवळून निघाली होती. सत्तेची खाजगी भाषा आणि तिची जाहीर भाषा यांत किती अंतर असते, हे या तारांनी वाचकांपुढे मांडले. हे ऋण मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

जून 2012 पासून असांज लंडनमधील इक्वेडोरच्या वकिलातीत होते. स्वीडनमध्ये त्यांच्यावर लैंगिक गुन्ह्यांचे आरोप होते. ते त्यांनी नाकारले होते. खटला कधी उभा राहिला नाही आणि 2019 मध्ये चौकशी बंद झाली. स्वीडनला धाडल्यास तेथून अमेरिकेच्या स्वाधीन केले जाण्याची भीती त्यांनी बोलून दाखवली होती. याच स्थितीत जुलै 2013 मध्ये विकिलीक्स पार्टीची नोंदणी झाली. पक्षाने तीन राज्यांत मिळून सात उमेदवार दिले. स्वतः असांज व्हिक्टोरियातून उभे राहिले. वकिलातीतूनच त्यांनी डोक्यावर केसांचा टोप चढवून एका लोकप्रिय गाण्याच्या विडंबनाची चित्रफीतही केली. त्या प्रकाराची थट्टा पुष्कळ झाली. आम्हांला ती गौण वाटते. निवडणुकीत विदूषकी चालते. पण ज्या तत्त्वासाठी मते मागितली, ते स्वतःच्या पक्षात मोडलेले चालत नाही.

येथे सिनेटच्या मतदानपद्धतीविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे विधान परिषदेच्या शिक्षक व पदवीधर मतदारसंघांत मतदार उमेदवारांपुढे पसंतीक्रम लिहितो. सिनेटची पद्धत त्याच जातीची आहे. परंतु 2013 मध्ये न्यू साउथ वेल्समध्ये सिनेटसाठी 110 उमेदवार होते. सगळे क्रमांक स्वतः भरण्याऐवजी बहुतेक मतदार एका पक्षापुढे '1' लिहीत, आणि पुढचा सारा क्रम त्या पक्षाने आधी दाखल केलेल्या यादीप्रमाणे धरला जाई. म्हणजे मतदार आपले पहिले मत देई आणि उरलेल्या पसंती पक्षाच्या हवाली करी. हा विश्वासाचा व्यवहार होता. या याद्यांसाठी पक्षापक्षांत बंद दाराआड देवाणघेवाण चाले.

ऑगस्ट 2013 मध्ये विकिलीक्स पार्टीच्या याद्या जाहीर झाल्या. न्यू साउथ वेल्समध्ये 'ऑस्ट्रेलिया फर्स्ट' हा स्थलांतरविरोधी, अतिउजवा पक्ष ग्रीन्सच्या वर होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात नॅशनल्स पक्ष ग्रीन्सच्या वर होता, आणि तेथे ग्रीन्सचे उमेदवार होते स्कॉट लडलम. संसदेत असांज यांची बाजू सर्वाधिक चिकाटीने मांडणारे सिनेटर ते हेच! न्यू साउथ वेल्समधील प्रकार ही प्रशासकीय चूक असल्याचा खुलासा पक्षाने केला. परंतु पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतील काही सदस्यांनी राजीनामे दिले. व्हिक्टोरियात असांज यांच्या खालोखाल उमेदवार असलेल्या नीतितज्ज्ञ लेस्ली कॅनोल्डही बाहेर पडल्या. पक्षात लोकशाही, पारदर्शकता आणि उत्तरदायित्व टिकेल असे आता वाटत नाही, हा त्यांच्या निवेदनाचा आशय होता. कॅनोल्ड यांचे जाणे साधे नव्हते. परवानगीवाचून सलग दोन महिने गैरहजर राहणाऱ्या सिनेटरची जागा राज्यघटनेनुसार रिक्त होते. तेव्हा वकिलातीत अडकलेले असांज निवडून आले असते, तर प्रत्यक्ष सभागृहात बसण्याची वेळ बहुधा कॅनोल्ड यांच्यावरच आली असती.

मतदान 7 सप्टेंबर 2013 रोजी झाले. व्हिक्टोरियात पक्षाला 1.24 टक्के, म्हणजे चाळीस हजारांहून अधिक पहिल्या पसंतीची मते मिळाली. त्याच राज्यातील सहावी जागा ऑस्ट्रेलियन मोटरिंग एन्थुझिअ‍ॅस्ट पार्टीच्या रिकी म्युर यांनी जिंकली. त्यांची पहिल्या पसंतीची मते होती अवघी 0.51 टक्के! आंतरजालावरची कीर्ती मतपेटीत उतरत नाही, हे सोपे स्पष्टीकरण येथे साफ कोसळते. कीर्ती उतरली होती. विजयी उमेदवाराच्या दुपटीहून अधिक उतरली होती. कमी पडल्या त्या इतरांच्या पसंती.

यावर कोणी म्हणेल, दोष पद्धतीचा होता. पद्धत सदोष होतीच. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेने पक्षांच्या त्या याद्या रद्द केल्या, हे त्याचे प्रमाण. परंतु व्यवस्थेतील बंद दारे उघडण्याचे वचन देऊन आलेला पक्ष त्याच दारांआड बसून सौदे करू लागला, तर दाराला दोष देऊन कसे भागेल? दुसरा बचाव असा, की असांज हजारो मैल दूर कोंडलेले होते, याद्या कोणी भरल्या हे त्यांच्या हाती नव्हते. हे क्षणभर खरे मानू. मग ज्या पक्षाच्या प्रमुखाला स्वतःच्या पक्षाच्या यादीचा जबाब देता येत नाही, त्याने सरकारांकडे कोणत्या तोंडाने जबाब मागावा?

आमचा मुख्य मुद्दा येथून सुरू होतो. उघडकीस आणणे आणि प्रतिनिधित्व करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दस्तऐवज प्रसिद्ध करणाऱ्याला कोणाची संमती लागत नाही. तो बहुमताविरुद्ध, एकटा, दुरून, प्रसंगी नाव लपवूनही ते करू शकतो. दस्तऐवज खरा असला की पुरे. प्रतिनिधी मात्र संमतीवाचून शून्य असतो. त्याने लोकांत असावे लागते, सहकाऱ्यांशी निष्ठेने वागावे लागते, आणि पुन्हा पुन्हा जबाब द्यावा लागतो. वाचक पुस्तक मिटून बाजूला ठेवू शकतो. मतदाराने स्वाधीन केलेल्या पसंतीचे पुढे काय झाले, हे मात्र त्याला सांगावेच लागते. विकिलीक्स पार्टीने मतदाराला वाचक समजले, हे तिचे अपयश.

सत्य सांगणाऱ्याला लोक कधीच निवडत नाहीत, या रडगाण्याला उत्तर ऑस्ट्रेलियातच आहे. अँड्र्यू विल्की हे सरकारी गुप्तवार्ता विश्लेषक. इराकविरुद्धच्या युद्धासाठी दिली जाणारी कारणे टिकणारी नाहीत, असे सांगून त्यांनी मार्च 2003 मध्ये राजीनामा दिला. 2004 मध्ये ते थेट पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या मतदारसंघात उभे राहिले आणि हरले. 2007 मध्ये टास्मानियातून सिनेटसाठी हरले. 2010 च्या राज्य निवडणुकीतही थोडक्यात हरले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते अपक्ष म्हणून प्रतिनिधिगृहात निवडून आले, आणि नंतरही निवडून येत राहिले. तेच राष्ट्र, तेच युग, सत्तेचे असत्य उघडे पाडणारा तसाच माणूस. विल्कींनी पराभवांतून मतदार मिळवला. विकिलीक्स पार्टी सभासदांअभावी जुलै 2015 मध्ये नोंदणीतून वगळली गेली.

14 फेब्रुवारी 2024 रोजी असांज यांच्यावरील कारवाई संपवून त्यांना मायदेशी परतू द्यावे, असा ठराव ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात 86 विरुद्ध 42 मतांनी संमत झाला. ठराव मांडला होता विल्की यांनी. ज्या संसदेत असांज यांना जागा मिळाली नाही, त्याच संसदेतील निवडून आलेल्या माणसांनी, भिन्न पक्षांत राहून, त्यांच्यासाठी मत नोंदवले. कृतघ्न म्हणून हिणवलेल्या मतदारांनीच ही माणसे तेथे पाठवली होती.

साहित्याच्या अभ्यासकांनी हे प्रकरण मनाशी धरावे, ते यासाठी. संहितेतून लेखकाचा अधिकार काढून घ्यावा, असे आपण वर्गात शिकवतो. आणि वर्गाबाहेर पडताच मोठ्या संहितेच्या कर्त्याला नेता, मार्गदर्शक, उद्धारक करून मोकळे होतो. मग तो हरला की दोष वाचकांचा, लोकांचा, काळाचा. हा भाबडेपणा आता पुरे झाला. असांज यांनी जे प्रसिद्ध केले, ते त्यांच्या उमेदवारीवाचूनही मोलाचेच राहिले असते. आणि व्हिक्टोरियाच्या मतदारांना कृतघ्न म्हणण्यापूर्वी त्यांच्यापुढे ठेवलेली ती यादी आपण एकदा वाचावी.