परदेशी बायबल महाविद्यालयातील प्रवेश : पाचारण, पैसा आणि परतीची हमी

भारतातून उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांची चर्चा बहुधा अभियांत्रिकी, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन या शाखांभोवतीच फिरते. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३ लाख ३१ हजार ६०२ झाली आणि २००९ नंतर प्रथमच भारताने या बाबतीत चीनला मागे टाकले. या मोठ्या प्रवाहाच्या कडेने वाहणारा एक लहान प्रवाह मात्र सहसा नजरेआड राहतो. ईशान्येकडील राज्ये, केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्र येथील प्रोटेस्टंट मंडळ्यांमधून पाळक, धर्मशिक्षक किंवा सेवाकार्यकर्ते होऊ इच्छिणारे तरुण-तरुणी अमेरिका, कॅनडा, ब्रिटन व ऑस्ट्रेलिया येथील बायबल महाविद्यालयांकडे अर्ज करीत असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ख्रिस्ती लोकसंख्या २ कोटी ७८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या २.३ टक्के होती. नागालँड व मिझोराममध्ये हेच प्रमाण ८७ टक्क्यांहून अधिक होते. हा प्रश्न संख्येने लहान असला, तरी देशाच्या अनेक भागांतील सामान्य कुटुंबांशी निगडित आहे.

या अर्जदारांची अडचण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याहून वेगळी आहे. त्यांना एकाच वेळी दोन वाचकांसाठी लिहावे लागते. ख्रिस्ती परिभाषेत ज्याला 'पाचारण' म्हणतात, म्हणजे ईश्वरी सेवेसाठी आलेली हाक, तिची खात्री महाविद्यालयाला हवी असते. वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याला मात्र शिक्षणाचा खर्च कोण करणार आणि शिक्षण संपल्यावर अर्जदार मायदेशी परतणार का, हे जाणून घ्यायचे असते. प्रवेशपत्र हाती पडले म्हणजे काम झाले, असे मानणारा अर्जदार बहुधा या दुसऱ्या प्रश्नापाशी अडखळतो.

बायबल महाविद्यालयांची घडण समजून घेतल्यास या अडचणीचे मूळ लक्षात येते. उत्तर अमेरिकेतील पहिले बायबल महाविद्यालय मानली जाणारी संस्था ए. बी. सिम्पसन यांनी १८८२ मध्ये न्यूयॉर्क येथे काढली. ड्वाइट मूडी यांनी १८८६ मध्ये शिकागो येथे स्थापन केलेली संस्था पुढे मूडी बायबल इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध झाली. विद्यापीठीय शिक्षणाची संधी न मिळालेल्या सामान्य श्रद्धावंतांना अल्पकाळात व अल्प खर्चात पवित्र शास्त्राचे शिक्षण द्यावे, हा या संस्थांमागील हेतू होता. त्यामुळे त्या आकाराने लहान राहिल्या आणि विद्यार्थ्यांचे शुल्क व देणगीदारांचे औदार्य यांवरच प्रामुख्याने उभ्या राहिल्या. मूडी संस्थेत शिकागो येथील पदवी विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क देणग्यांतून भागवण्याची परंपरा आहे; परंतु निवास, भोजन आणि इतर खर्चाचा भार विद्यार्थ्यावरच असतो. 'मोफत शिक्षण' या शब्दांचा अर्थ दूर देशातील कुटुंबाने नेमका समजून घ्यावा, एवढे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

प्रवेशाच्या अर्जात गुणपत्रके आणि टोफेल किंवा आयईएलटीएससारख्या इंग्रजी परीक्षेचे गुण यांखेरीज सामान्यतः आणखी काही गोष्टी मागितल्या जातात. श्रद्धेचा प्रवास सांगणारी लेखी साक्ष, स्थानिक पाळकाचे शिफारसपत्र, संस्थेच्या धर्मसिद्धान्तांना मान्यता आणि आचारसंहितेचे पालन करण्याचे वचन ही त्यांतील प्रमुख होत. संस्था कोणत्या पंथाची आहे, बाप्तिस्मा, स्त्रियांचे सेवापद यांसारख्या बाबतींत तिची भूमिका काय आहे, हे अर्जापूर्वीच पाहणे इष्ट ठरते. आतिथ्य करणाऱ्या संस्थेच्या अपेक्षा आणि शिकणाऱ्याची विवेकबुद्धी यांतील ताण नवा नाही. १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी तेथे बाप्तिस्मा घेतला, परंतु आश्रय देणाऱ्या भगिनींचा धार्मिक अधिकार त्यांनी मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांचा त्या काळातील पत्रव्यवहार याची साक्ष देतो.

अमेरिकन महाविद्यालयाने प्रवेश मान्य केल्यानंतर आर्थिक तपासणी सुरू होते. किमान पहिल्या वर्षाचे शुल्क आणि राहण्याचा खर्च भागेल, याचा पुरावा पाहिल्यावरच संस्था 'आय-२०' हे प्रपत्र देते. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या 'सेव्हिस' या यंत्रणेचे शुल्क भरावे लागते. २०१९ पासून ते ३५० डॉलर आहे. एफ-१ व्हिसाच्या अर्जाचे शुल्क २०२३ मध्ये १८५ डॉलर करण्यात आले. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने किमान २५० डॉलरच्या आणखी एका शुल्काची तरतूद केली आहे. जून २०२५ मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांनी समाजमाध्यमांवरील आपली खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत, असा निर्देशही देण्यात आला. धार्मिक विषयांवर मोकळेपणाने लिहिणाऱ्या तरुणांनी याची नोंद घेणे आवश्यक आहे.

खरी कसोटी मुलाखतीत लागते. १९५२ च्या अमेरिकन स्थलांतर कायद्यातील कलम २१४ (ब) अन्वये प्रत्येक विद्यार्थी कायमचा स्थायिक होण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. ते गृहीतक खोडून काढण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. महाविद्यालयाला लिहिलेल्या निबंधात 'देव पाठवील तेथे जाण्यास सिद्ध आहे' असे वाक्य असल्यास ते प्रवेश समितीला भावते. तेच वाक्य व्हिसा अधिकाऱ्यासमोर उच्चारल्यास परतण्याच्या हेतूविषयी शंका निर्माण करते. येथे दोन वेगळी उत्तरे तयार ठेवणे हा उपाय नव्हे. तसे करणे अप्रामाणिकपणाचे आणि धोक्याचेही आहे. शिक्षणानंतर कोणत्या मंडळीत, कोणत्या भाषेत, कोणते काम करायचे आहे, याचा विचार अर्जापूर्वीच झालेला असेल, तर एकच उत्तर दोन्ही ठिकाणी पुरेसे ठरते. परतल्यावर देऊ केलेल्या पदाविषयी मंडळीने दिलेले स्पष्ट पत्र अशा वेळी केवळ चारित्र्याची ग्वाही देणाऱ्या पत्रापेक्षा अधिक उपयोगी पडते. कलम २१४ (ब) खालील नकार कायमस्वरूपी नसतो, पुन्हा अर्ज करता येतो. परंतु व्हिसा अर्जाचे शुल्क परत मिळत नाही. ईशान्येकडील राज्ये कोलकाता येथील अमेरिकन वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. मिझोराम वा नागालँडच्या अर्जदाराला शुल्काखेरीज त्या प्रवासाचाही भार सोसावा लागतो.

इतर देशांतही भिंत उंच होत चालली आहे. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवावयाची रक्कम अनेक वर्षे १० हजार कॅनेडियन डॉलर होती. ती १ जानेवारी २०२४ पासून २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर झाली. रुपयांत ही रक्कम चौदा-पंधरा लाखांच्या घरात जाते आणि तीत शिक्षणशुल्क व प्रवास धरलेला नाही. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क जुलै २०२४ मध्ये १,६०० आणि जुलै २०२५ मध्ये २,००० ऑस्ट्रेलियन डॉलरवर नेले. ब्रिटनमध्ये परवानाधारक संस्थेलाच परदेशी विद्यार्थ्याला प्रवेशाचे पुष्टिपत्र देता येते. १ जानेवारी २०२४ पासून तेथे संशोधनेतर पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेता येत नाही. धर्मशास्त्राच्या अर्जदारांत विवाहित, काही वर्षे सेवा केलेल्या व्यक्तीही असतात. पती किंवा पत्नी व मुले यांना दोन-तीन वर्षे दूर ठेवण्याचा निर्णय हा त्यांच्या दृष्टीने केवळ शैक्षणिक निर्णय राहत नाही.

हे नियम बायबल महाविद्यालये डोळ्यांसमोर ठेवून केलेले नाहीत. स्थलांतराविषयीचा राजकीय रोष, घरांची टंचाई आणि बनावट कागदपत्रांचे प्रकार ही त्यांमागील कारणे आहेत. कॅनडात २०२३ मध्ये बनावट प्रवेशपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि मध्यस्थांवर विश्वास ठेवलेल्या अनेक भारतीय विद्यार्थ्यांवर हद्दपारीची टांगती तलवार आली. डिसेंबर २०२३ पासून तेथे प्रत्येक प्रवेशपत्राची पडताळणी संस्थेकडून करून घेतली जाते. तथापि, समान नियमांचा परिणाम सर्वांवर समान होत नाही. संगणकशास्त्राचा विद्यार्थी भावी वेतनाच्या भरवशावर कर्ज काढू शकतो. गावातील मंडळीच्या मानधनावर जगणार असलेल्या पाळकाला तो आधार नसतो. त्याचा खर्च नातेवाईक, मंडळी किंवा परदेशातील एखादा प्रायोजक उचलतो आणि त्या प्रायोजकाचे उत्पन्नही कागदोपत्री सिद्ध करावे लागते.

शिकता शिकता कमावू, हा हिशेबही फसवा ठरतो. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना महाविद्यालयाच्या आवारातच आणि आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. बाहेरच्या मंडळीत मोबदला घेऊन उपदेशक म्हणून काम करणे विनापरवाना नोकरी ठरू शकते. अशा सेवेसाठी 'आर-१' हा स्वतंत्र व्हिसा आहे आणि त्यासाठी संबंधित पंथाचे किमान दोन वर्षांचे सदस्यत्व आवश्यक असते. विद्यार्थ्यासोबत गेलेल्या पती वा पत्नीला नोकरीची मुभा नाही. सेवाकार्य म्हणून सद्भावनेने स्वीकारलेले पाकीट विद्यार्थ्याचा दर्जा धोक्यात आणू शकते, हे अनेकांना ठाऊक नसते.

संस्थेच्या मान्यतेचा मुद्दा याहून नाजूक आहे. परदेशी विद्यार्थी घेण्याची सरकारी परवानगी आणि शैक्षणिक अधिमान्यता या भिन्न गोष्टी आहेत. अमेरिकेत बायबल महाविद्यालयांना अधिमान्यता देणारी 'असोसिएशन फॉर बिब्लिकल हायर एज्युकेशन' आणि पदव्युत्तर धर्मशिक्षण संस्थांसाठीची 'असोसिएशन ऑफ थिऑलॉजिकल स्कूल्स' या मान्यवर संस्था आहेत. परंतु धर्म आणि शासन यांच्या विभक्ततेच्या तत्त्वामुळे अधिमान्यता नसलेल्या संस्थांनाही काही राज्यांत धार्मिक पदव्या देता येतात. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये अशा पदव्यांवरील राज्याचे निर्बंध घटनाबाह्य ठरवले. तेथे कायदेशीर असलेली पदवी येथे मान्य होईलच असे नाही. शिवाय जुने नाव ही कायमची हमी नसते. सिम्पसन यांनी स्थापन केलेली वर उल्लेखिलेली संस्था पुढे नायॅक महाविद्यालय आणि २०२२ मध्ये अलायन्स विद्यापीठ झाली. अधिमान्यता गमावल्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ती बंद पडली. असे घडल्यास स्थानिक विद्यार्थी घरी जाऊ शकतो. परदेशी विद्यार्थ्याला मात्र दुसरी संस्था शोधावी लागते, अन्यथा देश सोडावा लागतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये परदेशी पदव्यांच्या समकक्षतेविषयी नवे विनियम जारी केले. परदेशी संस्था तिच्या देशात रीतसर मान्यताप्राप्त असणे, ही त्यांतील मूलभूत अट आहे. मंडळीत सेवा करण्यासाठी समकक्षता अनिवार्य नसेल. परंतु पुढे अध्यापन वा संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी ती प्रवेशापूर्वीच विचारात घ्यावी.

देशातील पर्यायही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. विल्यम कॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेल्या श्रीरामपूर महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली. त्याच्या सिनेटशी संलग्न संस्थांचे जाळे देशभर पसरलेले आहे. १९५३ मध्ये यवतमाळ येथे सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यास आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. ज्याला मराठीत उपदेश करायचा आहे, त्याची पायाभरणी येथे होऊन हिब्रू-ग्रीक भाषा वा विशेष संशोधनासाठीच परदेशगमन व्हावे, हा मार्ग खर्चाच्या आणि परतीच्या हेतूच्या दृष्टीनेही अधिक सुकर आहे.

अर्थात, परदेशी शिक्षणाचे मोल यामुळे कमी होत नाही. समृद्ध ग्रंथालये, विविध देशांतील सहाध्यायी आणि स्वतःच्या परंपरेकडे दुरून पाहण्याची संधी हे लाभ मोठे आहेत. ते पदरात पडावेत यासाठी प्रश्नांचा क्रम बदलणे गरजेचे आहे. 'प्रवेश कोठे मिळेल' याऐवजी 'परतून काय करायचे' हा प्रश्न आधी यावा. त्यानंतर अधिमान्यता, मग संपूर्ण कालावधीचा खर्च आणि शेवटी अर्ज. यात मंडळ्यांचीही जबाबदारी आहे. शिफारसपत्रावर स्वाक्षरी करून निरोप समारंभ साजरा करणे सोपे असते. दुसऱ्या वर्षी पैसे संपल्यावर कोण उभे राहणार आणि परतलेल्या तरुणाला किंवा तरुणीला कोणते काम सोपवणार, हे आधी ठरवणे अवघड. ते ठरलेले असेल, तर व्हिसा अधिकाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर शोधावे लागणार नाही.