पुढचा पेपर कुणी पाहिलाय?

मंडळी, 'परफेक्ट बाळ' या दोन शब्दांचा मला मनापासून राग येतो.

अमेरिकेत काही कंपन्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या गर्भांची चक्क गुणपत्रिका काढून देतात. कुणाला कुठला आजार होण्याची शक्यता जास्त, कुणाची उंची किती, बुद्धी किती... आणि आईबापांनी 'पहिला नंबर' निवडायचा! जन्मभर पेपर तपासले म्हणून विचारते, पुढची प्रश्नपत्रिका न पाहता मार्क कसे देता हो?

सिकलसेलचंच घ्या. हा दोष आई आणि वडील दोघांकडून आला तर रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, वेदनांनी जीव नकोसा होतो. आपल्या गडचिरोली-नंदुरबारकडची कितीतरी कुटुंबं हे भोगतात. पण एकाकडूनच आला तर? १९५४ साली ॲन्थनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं, की अशा माणसांना मलेरियापासून संरक्षण मिळतं. ज्याला आपण डाग म्हणतो, त्यानेच पिढ्यानपिढ्या पोरं जगवली!

आता उलट बाजू. २०१८ साली हे जियानकुई या चिनी शास्त्रज्ञाने जाहीर केलं, की एचआयव्हीपासून बचाव व्हावा म्हणून त्याने जुळ्या मुलींच्या सीसीआर५ या जनुकात गर्भावस्थेतच फेरफार केला. पण हे जनुक निकामी असलं तर वेस्ट नाईल विषाणूचा आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, हे आधीच माहीत होतं. २०१९ मध्ये त्याला तीन वर्षांची कैद झाली. मुलींना मात्र ते जनुक जन्मभराचं.

हे खूळ जुनंच आहे. गाल्टनने 'युजेनिक्स' हा शब्द काढला १८८३ साली. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'मंदबुद्धी' असा शिक्का मारलेल्या कॅरी बकची सक्तीची नसबंदी वैध ठरवली. गुणपत्रिका लिहिणाऱ्याच्या हाती सत्ता आली की असं होतं.

कुणी म्हणेल, "बाई, मग आजारी मुलांना तसंच सोडायचं का?" मुळीच नाही. रक्त तपासा, उपचार करा, लग्नाआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. पण वेदना कमी करणं वेगळं आणि माणसांना नंबर लावणं वेगळं.

आणि आपण तरी कुठले शहाणे? 'गोरी, उंच, चष्मा नसलेली वधू पाहिजे' हे आपणच छापतो ना?

असो. सगळी माणसं एकाच साच्यातली असती, तर एखाद्या साथीत सगळीच गेली असती. आपण वेगवेगळे आहोत म्हणून टिकलो. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल वाद घालावा, मी तयार आहे!