खडकावरचे फडताळ

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, काकाडूच्या राष्ट्रीय उद्यानात, उबिर नावाच्या खडकांभोवती जेमतेम एक किलोमीटरची पायवाट आहे. मुलाबाळांसकट फिरावी अशी. पण बहुतेक मंडळी सूर्यास्ताच्या ओढीने तडक माथा गाठतात. मला विचाराल तर हा उफराटा क्रम!

आधी कड्याच्या आडोशाला थांबावे. इथे आदिवासींच्या पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला होत्या. त्यांनी भिंतीवर मासे, कासवे, वॉलबी रंगवल्या. बारामुंडी मासा तर पोटातल्या काट्यांसकट! मासळीच्या पाटीपुढे चोखंदळपणे उभ्या राहणाऱ्या गृहिणीला तो लगेच कळेल. खिशात हात घातलेला एक गोरा पाहुणाही आहे. फारसा कामाचा दिसत नाही.

आणि उंचावर एक पट्टेवाला, कुत्र्यासारखा प्राणी : थायलेसिन. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून तो निदान दोन हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पुढे टास्मानियात उरला, तोही संपला. माहीत असलेला शेवटचा १९३६ साली होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. चितारणाऱ्याने मात्र तो जिवंत पाहिलेला असणार.

आता अडीचशे मीटर चढून माथ्यावर जा. समोर नडाबचा हिरवागार पाणथळ पसारा. मघाचे मासे, कासवे अजून तिथलीच. भिंत म्हणजे त्या फडताळाची यादी. पट्टेवाला तेवढा शोधू नये.

भिंतीला बोट लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. आणि तिथल्या पावसाळ्यात जाण्याआधी चौकशी करावी; रस्ता पाण्याखाली जातो.