मुका शेवट आणि बोलके उपसंहार



‘होमस्टक’चे लेखक अँड्र्यू हसी यांनी वाचकांना वाऱ्यावर सोडले, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला अर्धेच पटते. १३ एप्रिल २००९ रोजी सुरू झालेले हे वेबकॉमिक सात वर्षांनी त्याच तारखेला एका अ‍ॅनिमेशनने संपले. आठ हजारांहून अधिक पाने, पात्रांची अखंड बडबड, आणि शेवटी कोणी चकार शब्द काढत नाही! खलनायक लॉर्ड इंग्लिशचे नेमके काय झाले, तेही धड कळत नाही. राग येणारच. त्यात सुरुवातीच्या काळात पात्रांनी पुढे काय करावे, हे वाचकच सुचवत असत. त्यांनी शेवटावर हक्क सांगितला तर नवल काय?

पण खुलासा मिळाला असता तर सारे निवले असते, हे काही खरे नाही. २०१९ मध्ये उपसंहार आले, तेही ‘मीट’ आणि ‘कँडी’ असे दोन वेगळ्या वाटांचे. वाद मिटले? छे, उलट चिघळले. माझ्या मते त्या दोन्हींपेक्षा तो मुका शेवटच सरस आहे. पत्रलेखकांनी उपसंहार बाजूला ठेवून तो पुन्हा एकदा पाहावा, ही विनंती.

— एक वाचक, पुणे