शाळा आमची, कर आमचा. मग झोळी कशासाठी?

ऑक्टोबर २०२२ मध्ये नाशिकच्या जिल्हा परिषदेवर एक आगळा मोर्चा आला होता. मोर्चेकरी शाळकरी पोरे होती आणि त्यांच्यासोबत बकऱ्या होत्या. इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची, भाम धरणाने विस्थापित केलेल्या आदिवासी कुटुंबांतली ही मुले. त्यांची शाळा बंद करून त्यांना दूरच्या शाळेत जाण्यास सांगण्यात आले होते. 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' अशी त्यांची मागणी होती. शिकवायचे नसेल तर निदान राखायला बकऱ्या तरी द्या, हा त्याचा सरळ अर्थ. वर्तमानपत्रांनी फोटो छापले, वाहिन्यांनी दृश्ये दाखवली आणि विषय मागे पडला. परंतु त्या मुलांनी जो प्रश्न विचारला तो पुढच्या तीन वर्षांत अधिक मोठा होत गेला आहे. म्हणून आज आम्ही तो पुन्हा मांडत आहोत.

पुढे काय घडले ते क्रमाने पाहू. १८ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य सरकारने शाळा दत्तक देण्याचा निर्णय काढला. कंपन्या, संस्था, दानशूर व्यक्ती यांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्यावी. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी. मोठ्या महानगरपालिकांत दोन आणि तीन कोटी. मोबदल्यात देणगीदाराचे नाव शाळेच्या नावाला जोडता येईल. तीनच दिवसांनी, २१ सप्टेंबर २०२३ रोजी, शिक्षण आयुक्तालयातून पत्र निघाले. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव पाठवा. अशा शाळा १४,७८३, त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७ असा हिशेब त्यावेळी समोर आला. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले. ही मुले कोणाची? वाड्या, पाडे, तांडे आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्या, हेच त्यांचे पत्ते.

सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांवर दरमहा १५ हजारांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध शिक्षक रस्त्यावर आले. आणि २८ जानेवारी २०२५ रोजी पोषण आहाराचा निर्णय आला. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्यातून एकदा मुलांना जे अंडे मिळू लागले होते, त्याचा सरकारी निधी थांबला. अंडी, साखर द्यायची असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून द्यावी, असे सांगण्यात आले. हा खर्च वर्षाला सुमारे ५० कोटींचा होता.

हे निर्णय वेगवेगळ्या तारखांचे आहेत, पण त्यांची दिशा एकच आहे. इमारत कंपनीने बांधावी, शिक्षक कंत्राटावर आणावा, अंडे गावाने वर्गणी काढून द्यावे आणि एवढे करूनही पट कमी असेल तर शाळा उचलून दुसरीकडे न्यावी. जी गोष्ट मुलाचा हक्क म्हणून कायद्यात लिहिली आहे, ती हळूहळू देणगीदाराच्या मर्जीवर सोडली जात आहे. आमचा आक्षेप या मुळाशी आहे.

बाबासाहेबांनी हा मुद्दा जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारपुढे दोन आकडे ठेवले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून, म्हणजे दारूच्या करातून, त्याच जनतेकडून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. लोकांकडून अबकारीत जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की पहिलीत येणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. त्यांनी सरकारकडे दया मागितली नाही. त्यांनी हिशेब मागितला. लोकांनी पैसे आधीच भरले आहेत, त्यांची शाळा त्यांना द्या, हा त्या भाषणाचा गाभा आहे.

त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच म्हटले होते. सरकारी महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला होतो, असे सांगून त्यांनी प्राथमिक शिक्षणावर अधिक पैसा खर्च करावा आणि ते बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करून दाखवले. एका संस्थानाला त्या काळी जे जमले ते आजच्या महाराष्ट्राला जमत नाही असे कोणी सांगितले तर आम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही.

पैसा नाही, हे उत्तर नेहमीचे आहे. म्हणून बाबासाहेबांचीच पद्धत वापरून पाहू. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरील कर वाढवले. त्यातून वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित असल्याचे सांगण्यात आले. एकीकडे १४ हजार कोटींची वाढ आणि दुसरीकडे ५० कोटींचे अंडे परवडत नाही! हा आपला कर आहे. मजूर दिवसभर राबून संध्याकाळी जो पैसा गुत्त्यात घालवतो तोही त्यात आहे. त्याच्या पोराच्या ताटात त्यातले एक अंडे परत येऊ नये, याला आम्ही काटकसर म्हणायला तयार नाही.

तीस पटापर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा अभियानाच्या निकषाप्रमाणे वर्षाला १० हजार रुपये संयुक्त अनुदान आहे. महिन्याला साडेआठशे रुपयेसुद्धा नाहीत. खडू, झाडू, फिनेल, वीजबिल, नळाची तोटी, फुटलेले कौल, सारे यातूनच भागवायचे. मुख्याध्यापक खिशातून घालतो किंवा गावात हात पसरतो. अनुसूचित जाती-जमातीच्या गरीब मुलींना पहिली ते चौथीत दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता देण्याची योजना १९९२ मध्ये सुरू झाली. तीस वर्षे उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. आमदारांचे भत्ते या काळात किती वेळा वाढले याची मोजदाद वाचकांनीच करावी.

लोकवर्गणीत वाईट काय, गावाने आपली शाळा सांभाळली तर बिघडले कुठे, असे काही सज्जन आम्हाला विचारतात. वर्गणीला आमचा विरोध नाही. परंतु शाळेचा कणा वर्गणीवर उभा केला की काय होते ते अमेरिकेत घडून गेले आहे, आणि ते आपण समजून घ्यावे. तिथे सरकारी शाळांचा मोठा खर्च त्या त्या शाळा-जिल्ह्यातील घरे-जमिनींवरच्या स्थानिक करातून चालतो. टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ शहराजवळ दोन शाळा-जिल्हे होते. एजवुडमध्ये गरीब मेक्सिकन वंशाचे लोक, अलामो हाइट्समध्ये श्रीमंत गोरे. एजवुडच्या लोकांनी कराचा दर जास्त ठेवला तरी प्रत्येक मुलामागे जेमतेम २६ डॉलर जमले. अलामो हाइट्सने कमी दर लावून ३३३ डॉलर जमवले. एजवुडचे पालक न्यायालयात गेले. १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. विरोधात मत देणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे झुंजार वकील राहिलेले न्यायमूर्ती थरगूड मार्शल होते. गरिबाने जास्त दराने दिले तरी त्याच्या शाळेत कमी आणि श्रीमंताने कमी दराने देऊनही जास्त, असा तो न्याय आहे. उद्या आपल्याकडे बागाइतदारांच्या गावातली शाळा वर्गणीतून अंडी देईल, संगणक घेईल. ऊसतोड मजुरांच्या वस्तीवरची शाळा काय देणार? तिथले पालक तर सहा महिने कारखान्याच्या फडावर असतात.

मुलाचे भले म्हणजे केवळ गुण आणि गणवेश नव्हे. पोटात अन्न, शाळेची वाट सुरक्षित आणि वर्गात अपमान नाही, या तीन गोष्टी असतील तर मूल शिकते. पोषण आहारात प्राथमिकच्या मुलामागे अन्न शिजवण्याच्या साहित्याला १ मे २०२५ पासून ६ रुपये ७८ पैसे ठरले आहेत. एवढ्या पैशात एक अंडेही विकत मिळणे कठीण. जेवण शिजवणाऱ्या बाईला २०२३ मध्ये वाढ होऊन महिना २,५०० रुपये मानधन झाले. स्वयंपाकाच्या कामात दलितांना प्राधान्य द्यावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २००४ चा आदेश आहे. एका पंगतीत बसून, कोणाच्याही हातचे खाऊन मोठी होणारी मुले जातीला मूठमाती देतील, हा त्यामागचा विचार. आपल्या गावच्या शाळेत हा आदेश पाळला जातो का, हे आपल्यापैकी किती जणांनी जाऊन पाहिले?

वाटेचेही तसेच. समूह शाळेसाठी वाहन देऊ असे सरकार म्हणते. पावसाळ्यात ओढा भरला, गाडी बंद पडली, चालकाचे पैसे थकले की काय होते ते खेड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. पहिला फटका मुलीला बसतो. भाऊ सायकलवर जातो, ती घरी राहते. दोन वर्षांनी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणूनच शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असे म्हटले आहे.

सात मुलांच्या शाळेत एकच शिक्षक चार इयत्ता शिकवतो, तिथे गुणवत्ता कुठून येणार, हा प्रश्न मात्र खोटा नाही. आम्ही तो टाळणार नाही. परंतु कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक द्यायचे आहेत. ते द्या. त्यांना मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून मोकळे करा. मग गुणवत्ता तपासा. आधी शिक्षक काढायचा, मग पट घसरला म्हणायचे आणि शेवटी कुलूप लावायचे, हा उलटा न्याय झाला.

आता थोडे आपल्याकडेही पाहू. पट का घसरला? आपल्यातली जी माणसे नोकरीला लागली त्यांनी सर्वात आधी जिल्हा परिषदेची शाळा सोडली. ज्या शाळेच्या बाकावर बसून आपण साहेब झालो, त्या शाळेकडे आपण वळून पाहिले नाही. आपल्या मुलाला इंग्रजी शाळेत घालणे हा गुन्हा नाही, आम्ही तसे म्हणतही नाही. पण जी मुले मागे राहिली ती आपल्याच भावकीतली सर्वात गरीब मुले आहेत. भूमिहीनांची, भटक्यांची, वीटभट्टीवाल्यांची. एप्रिलमध्ये जयंतीसाठी आपण घरटी वर्गणी काढतो, डीजेला हजारो रुपये मोजतो आणि जूनमध्ये शाळेचे दार उघडते तेव्हा आपल्यातले तिथे कोणी नसते. बाबासाहेबांच्या संदेशातला पहिला शब्द 'शिका' आहे, हे आपण भाषणात म्हणतो. शाळेच्या समितीत मात्र आपण नसतो.

या समितीचे बळ ओळखणे हेच आज आपल्या हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आहे आणि सरकारचे अनुदान त्या आराखड्याच्या आधारे ठरायचे आहे. म्हणजे कायद्याने आपल्याला मागणीपत्र लिहिण्याचा अधिकार दिला आहे. बहुतेक गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकटा भरतो आणि पालकांचा अंगठा घेतला जातो.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक विहाराच्या, प्रत्येक मंडळाच्या चार कार्यकर्त्यांनी यंदा आपल्या गावच्या शाळेत जावे. समितीवर कोण आहे ते पाहावे. आपल्या वस्तीतील पालक, त्यातही आया, समितीवर आहेत की नाहीत ते तपासावे. आराखड्याची प्रत मागावी, न दिल्यास माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. त्यात दोन शिक्षक, पाणी, मुलींचे शौचालय, आठवड्याचे अंडे आणि थकलेले वीजबिल हे सारे खर्चाच्या आकड्यासह लिहावे. ग्रामसभेत ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्याकडे द्यावा आणि पोच घ्यावी. हजार गावांतून असे हजार कागद जिल्हा परिषदांच्या टेबलावर पडले तर कोणालाही पैसा नाही असे सहज म्हणता येणार नाही.

दरेवाडीच्या पोरांच्या हाती मोर्चासाठी बकऱ्या होत्या. आपल्या हाती कायदा आहे, बाबासाहेबांनी शिकवलेला हिशेब आहे आणि मत आहे. त्या मुलांनी जिल्हा परिषदेच्या दारात जाऊन जे विचारले, ते त्यांच्या वतीने विचारायला आता आपण गेले पाहिजे.